गाडीवरचा मासा खायचाय? मग आधी माशाच्या आजूबाजूचं बघा

मी मूळची सोलापूरची. आमच्याकडं मासा म्हणजे उजनीचा चिलापी, फार तर भिगवणला हायवेवर गाडी थांबवून खाल्लेला मरळ, आणि समुद्राचा मासा म्हणजे लग्नाआधी नुसतं ऐकलेलं प्रकरण. लग्न झालं मालवणी घरात आणि राहायला आले दादरला, मग काय, पहिल्या वर्षात चौपाटी, कोळीवाडे, सीफूड फेस्टिव्हल, तारकर्ली, गोवा, जिथं तवा दिसेल तिथं उभी. त्याच वर्षी एकदा मे महिन्यात आम्ही चौघांनी एका स्टॉलवर (नाव सांगत नाही, गाव पण नाही) एकाच ताटातली सुरमई खाल्ली, एकाच प्लेटीतली कोळंबी खाल्ली, आणि रात्री दोनला मी आणि नवरा बाथरूमच्या दारावर नंबर लावून बसलो. नणंद आणि तिचा नवरा मात्र ढाराढूर झोपलेले. सकाळी हिशोब मांडला तर फरक एवढाच निघाला की आम्ही दोघांनी बर्फ घातलेली सोलकढी दोन-दोन ग्लास प्यायली होती आणि त्या दोघांनी नव्हती. लॅबमध्ये काही तपासलं नाही, आमचा आपला अंदाज, पण सासूबाई तेव्हा जे बोलल्या ते मी अजून विसरले नाही, "माश्याक नावां ठेवू नको गो, पाण्याक ठेव."

घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून नवीन आलेल्या माझ्या मैत्रिणी मला सारखं विचारतात की गाडीवर मासे खायचे की नाही, म्हणून हे लिहितेय. खायचे. पण बघून. आणि बघायचं म्हणजे नवीन माणूस जे बघतो ते नाही. नवीन माणूस मासा हुंगतो. तुमच्यासमोर कढईतून चरचरत बाहेर आलेला तुकडा हा त्या गाडीवरचा बहुतेक वेळा सगळ्यात निर्धोक पदार्थ असतो. भानगड असते ती त्याच्या आजूबाजूला, चटणी, कांदा, बर्फ, पाणी, फडकं, हात आणि ताट. काही मासे याला अपवाद आहेत, ते पुढे सांगते.

पायरी १ : वेळ बघून जा

गर्दीच्या वेळी जा. संध्याकाळी सात-साडेसातला जिथं माल भराभर संपतोय तिथं तुकडा पडून राहायला वेळच मिळत नाही. रात्री साडेअकराला तोच स्टॉल, तीच मावशी, तोच मसाला, पण परातीत तळाशी उरलेली कोळंबी चारपासून तिथंच आहे. त्यात एप्रिल-मे महिना असला की अजून जपून. उरलेलं शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये असं डब्ल्यूएचओवाले सांगतात, आणि हवा बत्तीस डिग्रीच्या वर असेल तर एकच तास धरायचा. मुंबईत मे महिन्यात बत्तीस म्हणजे थंड दिवस!

जून-जुलैचं गणित वेगळं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. मग जुलैत गाडीवर सुरमई कुठून आली? ती फ्रोझन असते, किंवा पूर्व किनाऱ्याकडून आलेली असते कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. फ्रोझन वाईट नसतं हं, उलट बोटीवर नीट गोठवलेला मासा दोन दिवस उन्हात फिरलेल्या "ताज्या" माशापेक्षा बरा. फक्त तो वितळवला कसा हे महत्त्वाचं. सकाळी बादलीत टाकून संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला असेल तर वरचा थर दुपारपासूनच कोमट झालेला असतो, आत अजून बर्फ. म्हणून या दोन महिन्यांत मी सरळ विचारते, "मावशी, कुठला माल?" खरं सांगणारी मावशी लगेच कळते, ती चिडत नाही.

पायरी २ : लगेच ऑर्डर देऊ नका, पाच मिनिटं लांब उभं राहून बघा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे कारण बाकी सगळं हिच्यावर आहे.

एक नियम डोक्यात ठेवा. थंड ते थंडगार पाहिजे, गरम ते वाफाळतं पाहिजे. पाच डिग्री ते साठ डिग्री यांच्यामधलं जे कोमट जग आहे त्यात जंतूंची चैन असते. गाडीवर थर्मामीटर नसतो, पण डोळे असतात. कच्चा मासा बर्फात पुरलेला आहे की मसाला लावून उघड्या परातीत पसरलाय? थर्माकोलच्या डब्यात बर्फ आहे की नुसतं लालसर पाणी? आपल्याकडच्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ लागतो, म्हणजे किलोला किलो. वर सजावटीला चार खडे टाकून भागत नाही. शोकेसमध्ये पिवळ्या दिव्याखाली मांडलेले लाल-लाल तुकडे फोटोत झकास दिसतात पण तो दिवा त्यांना शेकत असतो.

आता जंतूंबद्दल थोडं, कारण हे कळलं की बाकी पाठ करायची गरज नाही. समुद्राच्या माशांतला मुख्य पाहुणा म्हणजे व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. १९५० साली जपानमध्ये ओसाका भागात शिरासू नावाची बारीक मासळी खाऊन २७२ लोक आजारी पडले, त्यातले २० दगावले, तेव्हा फुजिनो नावाच्या शास्त्रज्ञानं हा जंतू शोधून काढला. आणि आपल्याशी संबंध असा की १९९६ साली कोलकात्यात याचाच एक नवा प्रकार सापडला जो पुढं जगभर पसरला. लोकांना वाटतं गटाराचं पाणी समुद्रात जातं म्हणून मासा खराब होतो. गटाराचा त्रास आहेच, पण व्हिब्रिओला गटार लागत नाही, तो कोमट खाऱ्या पाण्यात, खाडीत, मुळातच राहणारा आहे. म्हणजे अगदी आत्ता जाळ्यातून काढलेल्या, डोळे चकचकीत असलेल्या कोळंबीवरसुद्धा तो असू शकतो. वास येत नाही, रंग बदलत नाही. थोडे असतील तर सहसा काही होत नाही, पण मनासारखी उष्णता मिळाली की हे दर दहा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. करा हिशोब, एकाचे तासाभरात ६४, तीन तासांत अडीच लाखांच्या वर. म्हणून बर्फ.

चांगली बातमी म्हणजे हा जंतू उष्णतेपुढं लेचापेचा आहे, नीट तळलं-शिजवलं की मरतो. मग लोक आजारी का पडतात? तर कच्च्या माशाचं पाणी शिजलेल्या माशाला किंवा कांद्याला लागतं म्हणून. आणि हेच तुम्हाला त्या पाच मिनिटांत बघायचंय. ज्या हातानं मसाल्यातली कच्ची सुरमई उचलून रव्यात घोळवली त्याच हातानं कांद्याच्या चकत्या ताटात मांडतात का? कच्चा तुकडा ज्या प्लेटीतून आला त्याच प्लेटीत तळलेला परत जातो का? उलथनं आणि चिमटा एकच आहे का? लाकडी पाट ज्यावर बोंबील चिरले त्याच्यावरच लिंबं कापतायत का? दोन माणसं असतील, एक कच्च्यावर आणि एक तव्यावर-ताटावर, तर ते दुकान माझ्या लेखी अर्धं पास. एकटीच मावशी असेल तर ती मधेमधे हात कशात धुते ते बघा, बादलीत बुचकळते की वरून पाणी ओतून साबणानं धुते. आणि ते फडकं! तवा, पाट, हात, घाम, सगळ्याला एकच ओलं फडकं असेल तर मी तरी पुढं जाते.

हातांचा अजून एक जंतू आहे, स्टॅफिलोकोकस, तो आपल्या नाकात, त्वचेवर, पिकलेल्या जखमेत असतो. तो अन्नावर वाढला की विष सोडतो आणि ते विष नंतर उकळलं तरी जात नाही. उकडून सोललेली कोळंबी, कुस्करलेला खेकडा, हातानं भरपूर हाताळलेलं आणि मग ठेवून दिलेलं जे काही असतं ते याच्या आवडीचं. बोटाला चिंधी बांधून मासे सोलणारा माणूस दिसला तर नमस्कार करून निघा. नोटा घेतलेला हात तसाच ताटात जातो हे तर आपण पिढ्यान्पिढ्या बघतोय. मला प्रामाणिकपणे वाटतं की गाड्यांवरची स्वच्छता जेवढी क्यूआर कोडनं सुधारली तेवढी कुठल्या पाटीनं सुधारली नसेल.

पाटीवरून आठवलं, एफएसएसएआयचा (म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याचा) १४ आकडी नंबर गाडीवर लावलेला असावा असा नियम आहे. असला तर चांगलंच, नसला तर प्रश्न विचारा. पण नंबर आहे म्हणजे हात धुतलेत असं नाही. आणि उलटंही सांगते, मावशीचं लुगडं मळकं आहे, जमीन ओली आहे, माशा घोंगावतायत म्हणून लगेच नाक मुरडू नका (माशा ताटावर बसतायत का हे मात्र बघा). एसी हॉटेलातलं किचन तुम्हाला दिसतच नाही, इथं निदान सगळं तोंडासमोर आहे.

पायरी ३ : ऑर्डर देताना बोला

"अगोदरचा पीस नको, आत्ता टाकून द्या." एवढंच. यात लाजायचं काय? गर्दीच्या गाड्यांवर कोळंबी, बोंबील, सुरमईचे छोटे तुकडे अर्धे तळून ढीग करून ठेवतात आणि ऑर्डर आली की परत तेलात सोडतात, कुरकुरीत पण छान होतं आणि वेळही वाचतो. धंद्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण अर्धकच्चा तुकडा कोमट होऊन दोन-तीन तास पडला तर तो जंतूंसाठी पाळणाच, आणि दुसऱ्यांदा तेलात तीस सेकंद बुडवला की वरचं कवच लाल होतं, आत काय झालं देव जाणे.

शिजलंय की नाही ते असं बघा. सुरमईचा जाड तुकडा मधोमध मोडा, काट्यालगत मांस पांढरं आणि सुटं पाहिजे, काचेसारखं किंवा लालसर नको. कोळंबी आतपर्यंत पांढरी-केशरी पाहिजे. बोंबील मुळातच पाणीदार, त्यामुळं तो दाबून पाणी काढून, चपटा करून तळलेला असेल तर बरा, जाडा तळलेला बोंबील आत लिबलिबीत राहतो आणि ते कच्चं की मऊ हे जाणत्या माणसालाही कळत नाही. तुकडा कच्चा निघाला तर परत द्या. तवा समोरच आहे.

आणि हो, "कोकमाचं आगळ लावलंय, लिंबू मारलंय, त्यात सगळे जंतू मरतात" असं कुणी म्हटलं तर हसून सोडून द्या. आंबटानं जंतूंची वाढ थोडी रेंगाळते, मांस घट्ट होतं, पण मरायला जाळच लागतो. हळद-तिखटाचंही तेच.

पायरी ४ : कुठला मासा कुठं खायचा

बांगडा. माझा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात लहरी. बांगडा, तारली, कुपा (म्हणजे ट्यूना), काही वेळा सुरमईसुद्धा, या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा प्रथिनांचा एक घटक भरपूर असतो. मासा बर्फाबाहेर राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीसारखा त्रास देणारं रसायन, करतात, आणि हिस्टामिन तळून, उकळून, गोठवून कशानंही जात नाही. वर सांगितलेला "समोर तळलाय ना, मग ठीक" हा नियम इथं फसतो. खाताना कधी कधी जीभ चुरचुरते, मिरी चावल्यासारखं लागतं, मग काही मिनिटांत ते तासाभरात तोंड-मान लाल, डोकं ठणकतं, अंगावर गांधी, धडधड. लोक म्हणतात "मला बांगड्याची ॲलर्जी आहे" आणि आयुष्यभर बांगडा सोडतात, खरं तर त्या दिवशीचा बांगडा उन्हात तापलेला असतो. सासूबाईंचा नियम सोपा आहे, "बांगडो ताजो आसात तर खा, नायतर भाजी खा." ताजा म्हणजे अंग ताठ, कल्ले लाल, डोळे फुगीर, पोट फुटलेलं नाही. मसाला लावलेल्या बांगड्याचं यातलं काहीच दिसत नाही, म्हणून गाडीवर मी बांगडा तेव्हाच घेते जेव्हा अख्खा मासा बर्फातून काढून माझ्यासमोर साफ करतात. जीभ चुरचुरली की तिथंच थांबायचं, पैसे गेले तर गेले.

तिसऱ्या, कालवं, शिनाणे. हे शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात, दिवसभरात कितीतरी लिटर पाणी त्यांच्यातून जातं आणि पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठतं, व्हिब्रिओ आहेच, शिवाय गटाराचं पाणी मिसळत असेल तर उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस आणि काविळीचा हिपॅटायटिस ए पण. घाईच्या गाडीवर शिंपला उघडला की लगेच वाढतात. नुसतं उघडणं पुरत नाही, उघडल्यावर अजून चार-पाच मिनिटं उकळायला पाहिजे. म्हणून तिसऱ्यांचं सुकं मी घरी किंवा ओळखीच्या खानावळीत खाते. न उघडलेली शिंपली ताटात आली तर चमच्यानं उघडायचा खटाटोप करू नका, बाजूला ठेवा. शहराच्या खाडीतली कच्ची कालवं लिंबू पिळून खायची हौस असेल तर ती हौस मनातच राहू द्या.

खेकडा जिवंत दाखवून मग करणार असतील तर खा. मेलेला खेकडा फार लवकर बिघडतो.

पापलेट, सुरमई, कोळंबी, बोंबील, मांदेली नवीन माणसानं इथून सुरुवात करावी. मांदेली तर एवढीशी असते की कच्ची राहूच शकत नाही.

मध्यंतरी मासा टिकवायला फॉर्मालिन मारतात असा गाजावाजा झाला होता, २०१८ च्या जुलैत गोव्यात तर बाहेरच्या माशांवर बंदीच आली. तो विषय रसायनाचा, जंतूंचा नाही, त्यामुळं इथं सोडून देते.

पायरी ५ : सोबतचं

इथंच आमची विकेट गेली होती.

बर्फ आधी. मासे ठेवायचा बर्फ हा कारखान्यातला लादीचा बर्फ असतो, तो प्यायच्या पाण्याचा असेलच असं नाही, गोणपाटात गुंडाळून रस्त्यावरून ओढत आणतात आणि गाडीपाशी सुऱ्यानं फोडतात. २०१८ मध्ये महाराष्ट्रात एफडीएनं (राज्याच्या अन्न आणि औषध खात्यानं) खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा नियम आणला तो याच्याचसाठी, ओळखू यावा म्हणून. निळा असो की पांढरा, माशाच्या डब्यातला किंवा त्याच लादीचा फोडलेला बर्फ सरबतात जाताना दिसला तर तिथं काहीच पिऊ नका. माझा नियम म्हणजे गाडीवर सोलकढी नाहीच. नारळाचं दूध उकळत नाहीत, वाटताना पाणी घालतात, मग स्टीलच्या पिंपात पाच तास, वर कोथिंबीर, त्यात मग ओगराळं बुडव-काढ. एवढ्या सगळ्यातून ती चांगली राहिली तर ते तुमचं नशीब. बंद बाटलीतलं पाणी घ्या, झाकणाचं सील बघून.

हिरवी चटणी तसलीच, कच्चं पाणी आणि कच्ची कोथिंबीर. कांदा-काकडी दुपारी चिरून ठेवलेली असेल तर बाजूला सारा, समोर चिरला तर खा. लिंबाची फोड चालेल. भात मोठ्या पातेल्यात झाकून कोमट ठेवलेला असेल तर नको, भातातला बॅसिलस सिरियस नावाचा जंतू पण असंच न मरणारं विष करतो. गरम गरम भाकरी तव्यावरून आली की झालं, नाचणीची असली तर मी दोन जास्त खाते.

ताट. एका बादलीत बुचकळून फडक्यानं पुसलेल्या ओल्या ताटापेक्षा केळीचं पान किंवा पत्रावळ बरी. वर्तमानपत्रावर तेलकट मासा घेऊ नका, शाई पोटात जाते. आणि आपले स्वतःचे हात! लोकलचा दांडा धरून आलेले हात धुतल्याशिवाय आपण मासे खातो आणि दोष मावशीला देतो. पर्समध्ये कागदी साबण ठेवा, सॅनिटायझर असला तरी तेलकट-मळक्या हाताला तो पुरत नाही.

पार्सल घेणार असाल तर घरी जाऊन लगेच खा. चटणी वेगळी बांधून घ्या, किंवा घेऊच नका.

पायरी ६ : यांनी गाडीवर फार हौस करू नये

गरोदर बायका, अगदी लहान मुलं, म्हातारी माणसं, डायबेटिस, किडनीवाले, केमो चालू असलेले, आणि खास करून लिव्हरचा आजार असलेले. शेवटच्यांसाठी कारण वेगळं आहे. व्हिब्रिओचाच एक भाऊ आहे, व्हल्निफिकस, तो लिव्हर खराब असलेल्या माणसाच्या रक्तात शिरला तर दोन-तीन दिवसांत जिवावर बेततं. तो जखमेतूनही शिरतो, म्हणजे पायाला चीर पडलीये आणि समुद्रात उतरलात, किंवा खेकडा साफ करताना नांगी लागली. अशी जखम लाल होऊन झपाट्यानं सुजली, फोड आले, ताप आला तर उद्या बघू म्हणू नका.

पायरी ७ : तरीही पोट बिघडलं तर

आधी वेळ आठवा, डॉक्टर तेच विचारणार. तासाभरात तोंड लाल झालं तर हिस्टामिन असू शकतं, डॉक्टरांना दाखवा, श्वासाला त्रास किंवा चक्कर आली तर सरळ हॉस्पिटल. एक ते सहा तासांत जोरात उलट्या झाल्या तर बहुधा स्टॅफसारखं विष. साधारण चोवीस तासांच्या आत पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब तर व्हिब्रिओची शंका. याच्याही नंतर, ताप घेऊन आलं तर साल्मोनेला वगैरे. हे ढोबळ आहे, निदान तुम्ही करायचं नाही, फक्त सांगता यावं म्हणून.

घरी करायचं काम एकच, पाणी भरत राहणं. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुतेक मोठी पाकिटं एक लिटरची असतात, ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत घोट घोट. जुलाब थांबवायची गोळी मनानं घेऊ नका, शौचात रक्त किंवा ताप असेल तर अजिबातच नाही, आणि कपाटातला मागच्या वर्षीचा अँटिबायोटिकचा अर्धा कोर्स पण नको. रक्त पडलं, ताप चढला, पाणीसुद्धा टिकेना, सहा-आठ तास लघवी झाली नाही, किंवा तांदळाच्या धुवणासारखे लोट यायला लागले तर वाट न बघता डॉक्टर. शेवटचं कॉलऱ्याचं लक्षण आहे, त्यात माणूस काही तासांत कोरडा पडतो. लहान मूल सुस्त झालं, डोळे खोल गेले तर तासभरही थांबू नका.

सोबत खाल्लेल्यांना फोन करून विचारा कुणी काय खाल्लं, आम्हाला सोलकढीचा सुगावा असाच लागला. दोघं-तिघं एकदम आजारी असाल तर महाराष्ट्रात एफडीएचा टोल-फ्री नंबर आहे, १८००-२२२-३६५, तिथं तक्रार करा. गाडीवर बिल मिळत नाही म्हणून आपण गप्प बसतो, पण यूपीआयनं पैसे दिले असतील तर फोनमध्ये तारीख, वेळ आणि दुकानदाराचं नाव सगळं असतं, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.